रक्तातील तिन्ही पेशी घटतात तेव्हा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळा सरता सरता सोलापुरात डेंग्यूचे रुग्ण वाढतात आणि ज्यांनी एरवी रक्ताचा अहवाल कधी हातात धरलेला नसतो, त्यांच्याही तोंडी प्लेटलेटचे आकडे येतात. डेंग्यूत घटलेल्या प्लेटलेट बहुतेक रुग्णांत आठवडा-दहा दिवसांत आपोआप भरून येतात. मग कोणी पपईच्या पानांच्या रसाला श्रेय देतो, कोणी सलाईनला. परंतु अधूनमधून असाही एखादा रुग्ण येतो, ज्याच्या प्लेटलेट महिना उलटला तरी वर चढत नाहीत, हिमोग्लोबिन सहा-सातवर आलेले असते आणि पांढऱ्या पेशी हजार-दीड हजारांच्या आसपास अडकलेल्या असतात. रक्ततपासणीच्या कामात आयुष्य घालवलेला एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट म्हणून मला आपल्या वाचकांपुढे या रुग्णांचा प्रश्न मांडायचा आहे. त्यांच्यापैकी पुष्कळांचा आजार आज आटोक्यात येण्यासारखा आहे. मात्र तो ओळखण्यात आणि योग्य ठिकाणी पोचण्यात जे आठवडे, कधी कधी महिने जातात, तेच त्यांना भोवतात.

तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट या तिन्ही हाडांतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत तयार होतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस आणि जंतूंशी लढणारी न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी रक्तात जेमतेम एखादा दिवस टिकते. त्यामुळे मज्जेचे काम मंदावले की हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर मार न लागता काळेनिळे डाग उठणे, पाळीच्या वेळी रक्तस्राव न थांबणे, पुन्हा पुन्हा ताप येणे, तोंडात फोड होणे आणि जिना चढताना धाप लागणे अशी लक्षणे मागेपुढे दिसू लागतात. गाठी येत नाहीत, प्लीहा वाढत नाही, रक्तात कर्करोगाच्या पेशीही सापडत नाहीत. मज्जेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर जेथे पेशींची दाटी असायला हवी तेथे बहुतांशी चरबी दिसते. या आजाराला अप्लास्टिक ॲनिमिया म्हणतात. पाश्चात्त्य देशांत दरवर्षी दहा लाखांमागे दोनच्या आसपास नवे रुग्ण आढळतात आणि आशियात हे प्रमाण त्याच्या दोन-तीन पट आहे. आजार दुर्मीळ खरा, पण तो प्रामुख्याने पंधरा ते पंचवीस या वयात आणि नंतर साठीपुढे गाठतो. घरातला कमावता होऊ घातलेला मुलगा किंवा लग्नाची मुलगी अशा वेळी अंथरुणाला खिळते, हे मी या शहरात पाहिले आहे.

या आजाराचे मूळ आता बरेच उलगडले आहे आणि उपचारांचा सगळा विचार त्यावरच उभा असल्याने त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. १८८८ मध्ये पाउल एर्लिख या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञाने एका तरुण गर्भवतीच्या मृत्यूनंतर तिच्या हाडांत लाल मज्जेऐवजी चरबी आढळल्याची नोंद केली. त्यानंतर कितीतरी दशके असा समज होता की एखादे विष किंवा औषध मज्जेतील मूळ पेशींना थेट मारून टाकते. बेंझिन, किरणोत्सर्ग आणि क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक यांच्याकडे बोट दाखवले जाई आणि ते निराधार नव्हते. किरणोत्सर्गी द्रव्यांच्या सान्निध्यात आयुष्य घालवलेल्या मारी क्युरी यांचा १९३४ मध्ये अशाच आजाराने मृत्यू झाला. परंतु बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत असे कोणतेही विष सापडत नसे.

वेगळा धागा हाती आला तो १९७० च्या सुमारास फ्रान्समध्ये. जॉर्ज माते हे डॉक्टर अशा रुग्णांना दुसऱ्याची मज्जा देण्यापूर्वी, ती शरीराने नाकारू नये म्हणून, लसिका पेशींना, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीतील एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, दाबणारे प्रतिद्रव्य देत असत. काही रुग्णांत दात्याची मज्जा रुजलीच नाही आणि तरीही त्यांचे रक्त सुधारले, कारण त्यांची स्वतःचीच मज्जा पुन्हा कामाला लागली होती. याचा अर्थ मूळ पेशी पूर्णपणे संपलेल्या नव्हत्या. त्यांना कोणीतरी दाबून ठेवले होते आणि तो दाब उठताच त्या उभ्या राहिल्या. जुळ्या भावंडांच्या अनुभवानेही हेच दाखवले. हुबेहूब जुळ्या भावाची मज्जा रुग्णाला परकी नसते, म्हणजे ती नुसती दिली तरी भागायला हवे होते. प्रत्यक्षात बऱ्याच रुग्णांत प्रतिकारशक्ती आधी दाबल्याशिवाय तीही टिकली नाही. रुग्णाच्या शरीरातला जो हल्ला त्याच्या मज्जेवर झाला होता, तोच नव्या मज्जेवरही होत होता.

हा हल्ला टी लसिका पेशी करतात. एरवी विषाणूंनी ग्रासलेल्या पेशी हेरून मारणे हे त्यांचे काम असते. येथे त्या रक्ताच्या मूळ पेशींवरच उलटतात आणि इंटरफेरॉन-गॅमा व टीएनएफ यांसारखी द्रव्ये सोडून त्यांची वाढ रोखतात व त्यांना मृत्यूच्या वाटेला लावतात. याचा मला सर्वांत बोलका वाटणारा पुरावा वाचलेल्या पेशींत आहे. जवळपास निम्म्या रुग्णांच्या रक्तात पीएनएच (तांबड्या पेशी फुटण्याचा एक विकार) या विकारात दिसणाऱ्या पेशींचा लहानमोठा गट सापडतो. पीआयजीए या जनुकात बदल झाल्याने या पेशींच्या पृष्ठभागावरील काही प्रथिने नाहीशी झालेली असतात. शिवाय २०११ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की काही रुग्णांत रक्तनिर्मिती चालू ठेवणाऱ्या पेशींनी आपल्यावरील एचएलएच्या (आपली पेशी कोणती व परकी कोणती हे शरीराला ओळखू देणाऱ्या प्रथिनांच्या) ओळखखुणांपैकी एक भाग गमावलेला असतो, म्हणजे मारेकरी पेशी ज्या खुणेवरून लक्ष्य हेरतात, तीच खूण त्यांच्यावर उरलेली नसते. हल्ला झाला नसता, तर नेमक्या याच पेशी मागे राहण्याचे कारण नव्हते.

हल्ला सुरू का होतो, हे बहुतेक रुग्णांत सांगता येत नाही. काही जणांत, विशेषतः तरुण मुलांत, कावीळ होऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी हा आजार उद्भवतो आणि त्या काविळीत नेहमीचे ए, बी, सी विषाणू सापडत नाहीत. गरोदरपणातही तो क्वचित दिसतो. आपल्या जिल्ह्यात द्राक्ष-डाळिंबाच्या बागांवर होणाऱ्या फवारणीविषयी मला अनेकदा विचारले जाते. बेंझिनसारख्या द्रावकांचा धोका निर्विवाद आहे आणि काही कीटकनाशकांशीही संबंध आढळला आहे, म्हणून तोंड झाकून, हातमोजे घालून फवारणी करणे आवश्यकच आहे; पण एखाद्या विशिष्ट रुग्णाचा आजार एखाद्या विशिष्ट औषधामुळेच झाला, असे ठामपणे म्हणता येणे फार अवघड असते. आपल्या हातून काय चुकले, मुलीला काय खायला घातले, अशा विचाराने आईबाप झुरतात. हा आजार आहारातील चुकीने होत नाही आणि तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

आता वेळ कोठे जातो ते पाहू. रक्त कमी आहे म्हटल्यावर रक्तवाढीच्या गोळ्या, लोहाची इंजेक्शने आणि शक्तीची सलाईन सुरू होते. बी-१२ च्या कमतरतेनेही तिन्ही पेशी घटू शकतात आणि आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी कुटुंबांत, ती इतकी सर्रास आढळते की आधी तिची तपासणी करणे रास्तच आहे. परंतु त्या कमतरतेत उपचारानंतर आठवडाभरातच रेटिक काउंट, म्हणजे नव्याने तयार झालेल्या कोवळ्या तांबड्या पेशींची संख्या, उसळी घेतो. तो हलत नसेल, तर इंजेक्शनांचा दुसरा आणि तिसरा कोर्स करत बसण्यात अर्थ नाही. याहून गंभीर बाब स्टिरॉइडची आहे. प्लेटलेट कमी दिसल्या की निदान होण्यापूर्वीच स्टिरॉइड देण्याची सवय काही ठिकाणी दिसते. अप्लास्टिक ॲनिमियावर एकट्या स्टिरॉइडचा उपयोग होत नाही. आधीच पांढऱ्या पेशी कमी असलेल्या रुग्णात बुरशीचा जीवघेणा संसर्ग होण्याची शक्यता मात्र वाढते. रक्ताचा कर्करोग असेल, तर त्याचे निदानही स्टिरॉइडमुळे झाकले जाऊ शकते.

निदानासाठी बोन मॅरो आणि ट्रिफाइन बायॉप्सी, म्हणजे मज्जेची आणि हाडाच्या बारीक तुकड्याची तपासणी, करावी लागते. तिची भीती खेड्यांतच नव्हे, शहरातल्या सुशिक्षित घरांतही आहे, कारण पाठीच्या कण्यातले पाणी काढतात आणि मग माणूस लुळा पडतो, असा समज घट्ट बसला आहे. वास्तविक हा नमुना कमरेच्या मागील हाडातून, जागा बधिर करून घेतात. मज्जारज्जूचा तेथे संबंधच येत नाही आणि प्लेटलेट कमी असतानाही ही तपासणी करता येते. मज्जेत पेशींचे प्रमाण २५ टक्क्यांहून कमी आणि त्याबरोबर न्यूट्रोफिल ५०० च्या खाली, प्लेटलेट २०,००० च्या खाली व रेटिक काउंट अत्यल्प, यांपैकी दोन गोष्टी असतील तर आजार तीव्र समजतात. न्यूट्रोफिल २०० च्या खाली गेल्यास अतितीव्र. केवळ रक्त चढवण्यावर विसंबून राहिल्यास तीव्र आजाराचे बहुसंख्य रुग्ण वर्ष-दोन वर्षांत दगावत, असा जुना अनुभव आहे.

प्रतिकारशक्तीचा हल्ला हे कारण असल्याने उपचारही तिलाच दाबणारे आहेत. सर्पदंशावरील प्रतिविष जसे घोड्यांच्या रक्तापासून मिळवतात, तसेच माणसाच्या लसिका पेशी घोड्याला टोचून त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये एटीजी या नावाने वापरली जातात. हे औषध शिरेतून साधारण चार दिवस देतात आणि त्याबरोबर सायक्लोस्पोरिनच्या गोळ्या दीर्घकाळ चालतात. एटीजीमुळे आठ-पंधरा दिवसांनी अंगावर पुरळ, ताप आणि सांधेदुखी होऊ शकते. स्टिरॉइडचे या आजारातील रास्त स्थान एवढ्यापुरते, थोड्या दिवसांचे आहे. सशापासून बनवलेले एटीजी प्रयोगशाळेत अधिक प्रभावी दिसत असल्याने तेच सरस ठरेल अशी अपेक्षा होती. मात्र अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १२० रुग्णांवर केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत सहा महिन्यांनी घोड्याच्या एटीजीला ६८ टक्के, तर सशाच्या एटीजीला ३७ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. घोड्याचे एटीजी भारतातही तयार होते, म्हणून कोणते औषध लिहिले आहे हे नातेवाइकांनी विचारून घेणे गैर नाही.

यात आता एल्ट्रोम्बोपॅग या गोळीची भर पडली आहे. थ्रोम्बोपोएटिन हे प्लेटलेट वाढवणारे शरीरातील द्रव्य मूळ पेशींवरील ज्या रेणूला जाऊन चिकटते, त्या रेणूला ती चालना देते, म्हणजे एकीकडे हल्ला थोपवला जात असताना दुसरीकडे उरलेल्या पेशींना वाढायला बळ मिळते. युरोपात १९७ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घोड्याचे एटीजी व सायक्लोस्पोरिन यांना या गोळीची जोड दिल्यावर तीन महिन्यांनी पूर्ण प्रतिसादाचे प्रमाण १० वरून २२ टक्क्यांवर आणि सहा महिन्यांनी एकूण प्रतिसादाचे प्रमाण ४१ वरून ६८ टक्क्यांवर गेले. ही गोळी दूध, दही किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर अंगी लागत नाही, एवढी साधी सूचनाही पुष्कळदा रुग्णापर्यंत पोचत नाही.

या उपचारांचा गुण येण्यास तीन ते सहा महिने लागतात आणि नेमक्या या काळात कुटुंबाचा धीर सुटतो. एटीजीला एवढा खर्च केला आणि महिन्यानेही प्लेटलेट चढवाव्याच लागत आहेत, हे पाहून लोक उपचार सोडतात किंवा कोणाच्या तरी सांगण्यावरून भस्मे आणि काढे सुरू करतात. उलट बाजूने, गुण आलेला रुग्ण आता बरे वाटते म्हणून सायक्लोस्पोरिन परस्पर बंद करतो. ही गोळी अतिशय सावकाश, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्तदाब, मूत्रपिंडे आणि औषधाची रक्तातील पातळी तपासत कमी करावी लागते. ती अचानक थांबवल्यास हल्ला पुन्हा सुरू होऊ शकतो. प्रतिसाद दिलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश रुग्णांत आजार उलटतो आणि काही टक्के रुग्णांत पुढे पीएनएच किंवा मज्जेचे अधिक गंभीर विकार उद्भवतात, म्हणून आकडे सुधारल्यावरही वर्षानुवर्षे तपासणी चालू ठेवावी लागते.

लहान मुले आणि साधारण चाळिशीच्या आतील रुग्ण यांच्यासाठी, सख्ख्या भावंडाशी एचएलए पूर्ण जुळत असेल, तर अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा पहिला पर्याय आहे. प्रत्येक सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. भारतात हे प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात सुरू झाले. आज आईवडील किंवा अपत्य अशा निम्म्या जुळणाऱ्या दात्याकडूनही प्रत्यारोपण होऊ लागले आहे, त्यामुळे भावंड जुळले नाही म्हणजे दारे बंद झाली, असे समजू नये. दात्याला अपंगत्व येते, ही समजूतही खोटी आहे. काढलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते.

मुले आणि तरुण यांच्या बाबतीत एक तपासणी चुकवून चालत नाही. फॅन्कोनी ॲनिमिया हा आनुवंशिक विकार वरकरणी असाच दिसतो. त्यातील काही मुलांची उंची कमी, अंगठ्यात व्यंग आणि त्वचेवर कॉफीच्या रंगाचे डाग असतात, पण काहींत यांतले काहीच नसते. येथे दोष प्रतिकारशक्तीत नसून पेशींच्या गुणसूत्रे दुरुस्त करण्याच्या क्षमतेत असतो, त्यामुळे एटीजीचा उपयोग होत नाही आणि प्रत्यारोपणापूर्वीची औषधे नेहमीच्या मात्रेत दिल्यास ती मुलाच्या जिवावर बेतू शकतात. गुणसूत्रे तुटण्याची विशेष रक्तचाचणी करून हा विकार ओळखता येतो. आपल्या सीमाभागातील अनेक समाजांत मामा-भाची किंवा आते-मामे भावंडांचे विवाह होत आले आहेत. त्यांवर टीका करण्याचा माझा हेतू नाही; परंतु बहुतांश फॅन्कोनी आईवडील दोघांकडून दोष आल्यावरच होत असल्याने अशा घरात ही चाचणी आग्रहाने करून घ्यावी आणि प्रत्यारोपणासाठी मज्जा देणाऱ्या भावंडाचीही ती करावी.

रक्त चढवण्याविषयी मला सर्वाधिक कळकळीने लिहायचे आहे. आपल्याकडे माणूस आजारी पडला की भाऊ, मेहुणे, चुलते रक्तपेढीसमोर उभे राहतात आणि आपलेच रक्त आपल्या माणसाला द्या म्हणतात. या आजारात तो आग्रह घातक ठरू शकतो. रक्ताच्या नातेवाइकांचे रक्त मिळालेल्या रुग्णाचे शरीर त्यांच्या पेशींविरुद्ध आधीच सज्ज होते आणि पुढे त्याच भावाची मज्जा दिल्यावर ती नाकारली जाण्याची शक्यता वाढते. नातेवाइकांनी रक्तदान जरूर करावे, पण ते इतर रुग्णांसाठी वापरले जावे आणि त्यांच्या रुग्णाला परक्या दात्याचे रक्त मिळावे. शिवाय ते पांढऱ्या पेशी गाळून काढलेले आणि शक्य तेथे किरणोत्सर्गाने प्रक्रिया केलेले असावे. साधी पिशवी लावल्यास ताप-थंडीच्या प्रतिक्रिया होतात आणि कालांतराने चढवलेल्या प्लेटलेट टिकेनाशा होतात. आकडा वाढवून दाखवण्यासाठी उठसूट रक्त चढवणे हेही याच कारणाने टाळायला हवे. पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाला ताप आला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट न पाहता त्याच रात्री त्याला रुग्णालयात नेऊन शिरेतून प्रतिजैविके सुरू करावी लागतात.

सोलापूरचा रुग्ण पुणे, मुंबई किंवा हैदराबादला जातो. यंत्रमाग किंवा विडीच्या मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाला एटीजी आणि प्रत्यारोपणाचे लाखो रुपये पेलणारे नसतात. मदतीचे मार्ग आहेत: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, मुख्यमंत्री साहाय्यता निधी, धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटा आणि मूळ थॅलेसेमियाच्या मुलांसाठी सुरू होऊन पुढे अप्लास्टिक ॲनिमियाच्या मुलांनाही लागू झालेली, कोल इंडियाच्या निधीतून प्रत्यारोपणासाठी १० लाख रुपयांपर्यंत साहाय्य देणारी थॅलेसेमिया बाल सेवा योजना. फॅन्कोनी ॲनिमियाचा तर राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ मध्ये समावेश आहे. ही माहिती रुग्णाला निदानाच्या दिवशी मिळायला हवी. ती बहुधा दागिने गहाण पडल्यावर मिळते.

म्हणून जिल्हा प्रशासन आणि शहरातील वैद्यकीय संघटना यांना माझी विनंती आहे की या उपचारांच्या खर्चाला कोणत्या योजनेतून किती मंजुरी मिळते, याचा लेखी तक्ता प्रत्येक मोठ्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे ठेवावा. पांढऱ्या पेशी गाळलेले आणि किरणोत्सर्गाची प्रक्रिया केलेले रक्त येथे कोठे मिळते व मिळत नसल्यास ते कोठून मागवले जाईल, हे रक्तपेढ्यांनी जाहीर करावे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने पुण्या-मुंबईच्या रक्तविकारतज्ज्ञांशी नियमित दूरसल्ल्याची सोय केली, तर एटीजीनंतरची कित्येक महिन्यांची देखरेख येथेच होऊ शकेल आणि रुग्णाचा प्रत्येक वेळचा प्रवास वाचेल. माझ्या सहव्यवसायी पॅथॉलॉजिस्टांना सांगणे एवढेच की यंत्राने दिलेल्या अहवालात तिन्ही पेशी कमी दिसल्या, तर स्लाइड स्वतः पाहावी, रेटिक काउंट करावा आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी दूरध्वनी करून बोन मॅरो तपासणी सुचवावी. अहवालाचे पाकीट रुग्णाच्या हाती देऊन आपले काम संपले, असे मानू नये.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, सोलापूर